अमेरिकेहून परत आलेलं पत्र

वाचनालयात पेपर चाळायला येणाऱ्या मंडळींनो, फळ्यावरची ही चिठ्ठी आधी वाचा. माझं डोकं फिरलंय.

आपल्या एरंडोलचा कंपाउंडर नाना सहा महिने टपालानं धडे मागवून डॉक्टर झाला. सर्टिफिकेट मुंबईच्या कुठल्याशा कॉलेजचं, त्यावर सोनेरी अक्षरांत अमेरिकेतल्या विद्यापीठाची मान्यता. त्याचे पेढे मीही खाल्ले.

पण मी पोस्टातला कारकून. त्या विद्यापीठाच्या पत्त्यावर मीच चौकशीचं पत्र टाकलं. ते आगबोटीनं गेलं आणि आज परत आलं. वर शेरा: असा पत्ता नाही.

तडक नानाकडे गेलो. पाकीट पाहून तो चपापलासुद्धा नाही. म्हणाला, "भाऊ, गावमा बठ्ठा माले डॉक्टर म्हनतस. आते काय करू?"

सगळं गाव डॉक्टर म्हणतं, आता काय करू म्हणे! अरे, आधी दारावरची ती डॉक्टरची पाटी उतरव!

त्याच्याच ओट्यावर एक बाई तापानं फणफणलेली पोर घेऊन बसली होती. "सरकारी दवाखान्यात ने," म्हटलं, तर म्हणाली, "डॉक्टर तर आठेच शे ना, भाऊ?" तिच्या लेखी डॉक्टर इथेच होता. शेवटी टांग्यात बसवून पाठवली.

पाकीट या चिठ्ठीखालीच टाचलंय. उद्या त्या ओट्यावर दुसरी कोणी येईल. तिला वाचता येणार नाही. तुम्हाला येतं ना?