सात घरचं गोड पाणी आणि एक खोडलेला आकडा

महाराष्ट्र राज्य नवंकोरं होतं तेव्हाचा हा प्रवास. पूर्णा नदीपलीकडे जायचं आज कुणाच्या मनात आलं, तर खामगावहून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत येता येतं. आम्हाला तीन दिवस लागले, आणि त्यातला दीड माझ्या शहाणपणापायी.

निघालो ते शकूसाठी. शकू माझी धाकटी बहीण. वरवट बकालच्या पुढच्या एका गावातून तिला स्थळ आलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं आता वाचायला शिकली आहेत. घरची माणसं शेत किती, बैल किती, हे विचारत होती. शकू मिरच्या तोडता तोडता मला म्हणाली, "दादा, पानी कसं हाय न् किती दूर हाय, तेवढं पाहून ये. बाकीचं मी पाहून घेईन."

भीती खरी होती. तो पट्टा खारपाण्याचा. विहीर खणावी तर पाणी मिठाचं. आमच्या पिंपळगाव राजाला मळ्यातल्या विहिरीचं गोड पाणी पिऊन वाढलेली पोरगी, तिचा अर्धा जन्म घागरीखाली जाणार की काय, हे मी पाहून यायचं होतं. पाणी लांब असेल तर नकार, असं आमचं दोघांचं ठरलं.

मी सातवी पास. पण बाजारातल्या रद्दीत मला संख्याशास्त्राची एक पुस्तिका सापडली होती, पहिली चार पानं नसलेली. अक्कल बहुधा त्या चार पानांतच असावी. उरलेली तीनदा वाचून मी पंडित झालो होतो. वहीत तक्ता आखला: घर, पाणी गोड की खारं, अंतर किती. सोबतीला आत्या दिली, कारण सोयरिकीच्या चौकशीला एकटा पोरगा पाठवणं म्हणजे बोक्याला दुधाचा भाव विचारायला पाठवणं.

सकाळच्या मोटारीनं खामगाव. तिकिटाचे नये पैसे झाले होते, पण आत्या आण्यांतच भांडायची, त्यामुळे कंडक्टरनं शेवटी हात जोडले. बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग होती. एक व्यापारी गाडीत कोपरापर्यंत हात खुपसून पोटातला कापूस काढून पाहत होता. आत्या म्हणाली, वरचा तर कुणीही चांगलाच ठेवतो. मी हसलो आणि भजी घेतली. पुढे शेगाव, तिथून मिळेल त्या वाहनानं, शेवटचा तुकडा छकड्यात. काळ्या मातीची चाकोरी इतकी खोल, की पोटातली भजी पुन्हा पीठ झाली.

गावात मान मोठा. दुसऱ्या दिवशी मुलाचे काका आम्हाला घेऊन सात घरं फिरले. प्रत्येक घरी घासलेल्या तांब्यात पाणी, चव साखरेसारखी. मी ओसरीवरच वही काढून लिहिलं: गोड, गोड, गोड. पाणी कुठून आणता म्हटलं की बापे हात हलवायचे. हे काय, इथंच. दोन पावलं. एक जण तर म्हणाला, बायका आणतात, म्हणजे जवळच असेल.

फक्त मुलगा, रामदास, खाली मान घालून म्हणाला, "सव्वा कोस. येतानी चढ लागते."

काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा पाय चोळू लागला. माझ्या पुस्तिकेत लिहिलं होतं, सगळ्यांहून फार वेगळा आकडा आला तर संशय घ्यावा. घेतला. सव्वा कोसावर रेघ मारली.

संध्याकाळी मुक्कामाला, रामदासच्या घरी, तक्ता आत्याला वाचून दाखवला. तिनं मागच्या अंगणात तोंड धुतलं होतं, म्हणे अजून ओठ खारट आहेत. मी म्हटलं, सातपैकी सात घरी गोड निघालं, आकडे खोटं बोलत नाहीत.

"पाहुन्याले खारं पानी कोनी पाजते का बाबू? घरचे खारं पेतेत, तवा तुह्या तांब्यात गोड येते. तू पाहुना होऊन मोजून राह्यला," आत्या म्हणाली.

रामदासच्या आईनं, गुडघा धरून बसलेल्या बाईनं, हळूच मान डोलावली. घरातलं गोडं पाणी आमच्या दोघांच्या पाहुणचारात गेलं, म्हणून त्या दिवशी तिची वरणाची डाळ खाऱ्या पाण्यात कच्चीच राहिली होती म्हणे. मला ठसका लागला, आणि त्यासाठीही गोडंच पाणी आलं.

तिसऱ्या दिवशी उजाडताच पाण्याला जाणाऱ्या बायकांमागून निघालो. रिकाम्या हातानं पावलं मोजत गेलो. येताना एका म्हातारीनं मुद्दाम माझ्या डोक्यावर घागर दिली. चढावर निम्मी माझ्या सदऱ्यात गेली, बायका हसून वाकल्या. पावलांचा हिशेब मांडला तो सव्वा कोसाला भिडला.

तेवढ्यात मागून घंटी वाजली. रामदास, सायकलला दोन डबे बांधलेले, चढ आला म्हणून उतरून ढकलत होता.

"आमच्यातली नवी सून हाय थे," म्हातारी म्हणाली. "मायचा गुडघा गेला तवापासून रोज येते. बाप्यांत एकटाच."

त्यानं ऐकलं, लाजला, आणि माझी उरलेली निम्मी घागर डब्याशेजारी अडकवून घेतली.

घरी परत आलो. ठरल्याप्रमाणे नकार द्यायचा होता. शकूला सगळं सांगितलं: पाणी खारं, गोडं सव्वा कोसावर, वाटेत चढ, आणि सायकलला डबे बांधून रोज पाणी आणणारा रामदास. तिनं वही हातात घेतली. मग त्या रेघेवर बोट ठेवलं.

"हा आकडा कोनाचा?"

"त्याचाच. मले वाटलं, चुकीचा हाय."

तुम्ही नव्या गावात काही विचारायला जाणार असाल, तर हा म्हातारा एवढंच सांगेल: पाहुण्याच्या तांब्यावरून गावची तहान मोजू नका. आणि अंतर विचारायचं तर ते चालणाऱ्याला विचारा. सगळ्या तक्त्यात खरा आकडा एकच होता, आणि नेमका तोच मी पंडितानं खोडला होता.

शकूनं वही मिटून मला दिली आणि मिरच्यांच्या पाटीकडे वळत म्हणाली, "हो म्हणून सांगजो. पन निरोपात हेही सांग, सायकल मलेबी शिकवा लागन."