पाव्हणे कोन्ते?

शाळेत तीस वर्षं कारकुनी केली, त्यातली निम्मी दाखले लिहिण्यात गेली. दाखल्यावर जातीचा रकाना असतो. त्यामुळे परभणी जिल्ह्यातलं कुठलंही आडनाव सांगा, तो रकाना मी डोळे मिटून भरतो. या विद्येचा मला अभिमान होता, हे आधीच कबूल करतो.

गावाच्या नावाला 'कर' जोडलेली आडनावं मात्र चकवतात. आमच्या वरच्या खोलीसाठी आलेल्या बाईंचं नेमकं तसंच निघालं. सोनपेठकडच्या, तिशीच्या आतल्या, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागलेली. सोमवारी रुजू व्हायचं होतं आणि परभणीत राहायला जागा नव्हती. बोलणं नम्र, चपला न सांगता दारातच काढलेल्या. एवढी नीटनेटकी बाई आडनावापुढे काहीच सांगत नाही म्हणजे नक्की काहीतरी लपवते आहे, असं मला वाटलं. मी ठेवणीतला प्रश्न काढला.

"पाव्हणे कोन्ते तुमचे?"

आमच्याकडे ही जातीची चौकशी धरत नाहीत. सोयरे कुठले, लेकी कुणाकडे दिल्या, एवढंच विचारायचं. उत्तरातून जात आपोआप बाहेर येते, त्याला आपण काय करणार?

त्या हसल्या. "पाव्हणे लय हायेत, काका. पण खोलीत मी एकटीच राहणार."

हे उत्तर पाठ केलेलं वाटलं. माझा संशय पक्का झाला.

"खोली तर कालच दिली की," मी म्हणालो. "तुमी जरा उशीर केला."

त्यांनी फाटकावरच्या 'खोली भाड्याने देणे आहे' या पाटीकडे पाहिलं. कागदावर फोन नंबर लिहिला, "त्यांचं रद्द झालं तर कळवा," म्हणाल्या आणि गेल्या. बायको मागे उभी राहून सगळं ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. लेक-जावई सहा वर्षांपासून अमेरिकेत आहेत, दोघंही कॉम्प्युटरच्या नोकरीत. नातीला चांगली शाळा मिळावी म्हणून घर बदलायचं चाललं होतं. लेकीचा चेहरा उतरलेला.

"मागच्या आठवड्यात फोनवर लय गोड बोलला एक घरमालक. आजच या म्हणाला. दारात गेलो तर आमच्या तोंडाकडं बघितलं अन् म्हणाला, घर आत्ताच दिलं. बाबा, पाटी अजून अंगणात उभी हाय. रोज तिच्यावरूनच कामाला जाते मी."

पुढे म्हणाली, आत्ताच्या इमारतीतही शेजारीण कपड्यांची टोपली हातात दिसली की विचारते, कुणाच्या घरी कामाला आहेस? "अन् काळ्या माणसांचं तर यापेक्षा वाईट. माझ्या ऑफिसातली एकजण घराची चौकशी करताना फोनवर आवाज बदलून बोलते, गोऱ्या बाईसारखा. तरी दारात गेली की घर गेलेलंच असतं."

माझं डोकं फिरलं. "चंद्रावर जाऊन आलेले लोक, अन् घर देताना माणसाचं कातडं बघतात? तोंडावर खोटं बोलायला लाज कशी वाटत न्हाई त्यांना?"

बायको मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान. आधी आपली पाटी काढा."

"कोन्ती पाटी?" लेकीनं विचारलं. बायकोनं सगळं सांगून टाकलं.

 लेक म्हणाली, "मी निघाले तवा स्टेशनवर तुमी काय सांगितलं होतं, बाबा? काळ्यांच्या वस्तीत घर घेऊ नको. एकाशी तरी बोलला होतात का तुमी कधी? आमी न्हाई घेतलं तिथं. म्हणून तर आज दारोदार फिरायलोत."

तिनं फोन ठेवला. खरं सांगतो, मला राग आला तो बायकोचा. चांगला तासभर टिकला. मग कागद शोधून नंबर लावला.

"खोली रिकामी आहे," मी म्हणालो.

"काल भरली होती ना, काका?"

"त्यांचं जमलं न्हाई."

"कुणाचं?"

दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं होतं, पण तिसरं काही सुचेना. "कुणीच नव्हतं," मी म्हणालो.

तिकडे रस्त्यावर रिक्षांचा आवाज होता. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग मला पण एक विचारायचंय. तुमचे पाव्हणे कोन्ते?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मीच विचारत आलो. मला कुणी विचारला तरी छाती फुगवून उत्तर द्यायचो. आज मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. हिला काय करायच्यात आमच्या चौकशा? खोली हवी तर घ्यावी, न्हाई तर राहू द्यावी! हे मनात बोलून झालं आणि मग मला लाज वाटली. बायकोकडे बघायचीही लाज वाटली.

"पाव्हणे लय हायेत," मी म्हणालो. "तुमी या."

"बघते, काका. स्टेशनकडं एक पाटी दिसलीय. तिथं अजून कुणी काही विचारलं न्हाई."