बेटावरची सून

ग्लासगोच्या हॉस्पिटलात डॉक्टर उल्का सहस्रबुद्धे यांनी जन्मभर लोकांचे कान दुरुस्त केले. रिटायर झाल्या आणि घर खायला उठलं. बाग खणून झाली, अवन घासून झाला, मग त्यांनी मोर्चा नवऱ्याच्या पथ्यपाण्याकडे वळवला. तेव्हा श्रीकांतनेच घाईघाईने त्यांच्यापुढे फोन धरला.

"हे बघ, युनिव्हर्सिटीत जुन्या सांगाड्यांचा डीएनए काढतात. कानाचं हाड कोरणारं माणूस हवंय त्यांना."

"म्हणजे पेशंट चार हजार वर्षांचा?"

"तक्रार तरी करणार नाही!"

लॅबची प्रमुख फियोना, त्यांच्या मुलीच्या वयाची. तिने समजावलं, आतल्या कानाभोवतीचं हाड शरीरात सगळ्यात टणक, म्हणून त्यात डीएनए टिकतो. पहिलंच काम उत्तरेकडच्या एका बेटावरचं. तिथल्या शेतात एकाच थडग्यात पुरुष, बाई आणि लहान मुलगी सापडली होती.

डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट चढवून उल्काताई बसल्या, पण ड्रिल हाडाशी नेऊन पुन्हा मागे घेतलं. चूक झाली तर हे हाड पुन्हा कुठून आणणार? मग सवयीने त्या पुटपुटल्या, "घाबरू नका हं बाई, लगेच होईल." आणि ड्रिल सुरू केलं. चिमूटभर भुकटी नळीत पडली.

काही महिन्यांनी निकाल सांगायला सगळे बेटावर गेले, श्रीकांतही सोबत. गावच्या हॉलमध्ये चहा, स्कोन आणि तोबा गर्दी. फियोनाने सांगितलं, पुरुषाचं घराणं बेटावरच्या जुन्या शेतकऱ्यांचं. बाईचे पूर्वज मात्र समुद्रापलीकडच्या युरोपातून आलेले गुराखी, आणि लहानपणी प्यायलेल्या पाण्याच्या दातांत उरलेल्या खुणांवरून दिसतं की तीही या बेटावर वाढली नव्हती. मुलगी त्या दोघांची. तपासलेल्या इतर थडग्यांतही बाहेरून आलेल्यांत बहुतेक बायकाच होत्या.

ज्यांच्या शेतात थडगं निघालं, त्या म्हाताऱ्या जीनबाई ताडकन उभ्या राहिल्या. "म्हणजे ती बाहेरची?"

"हो."

"मी लग्न होऊन ॲबरडीनहून आले. पन्नास वर्षं झाली, अजून हे लोक मला बाहेरचीच म्हणतात! आता म्हणा!" आणि त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की कप नाचले. हॉल हसून लोटपोट झाला.

उल्काताईंना राहवलं नाही. "आमच्या भाषेत अशा बाईला सून म्हणतात," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "आणि घर तिच्यावाचून पुढे चालत नाही."

"सून," जीनबाईंनी शब्द घोळवून पाहिला. "सून! आणि तुम्ही? नवऱ्यामागे आलात?"

"छे! नोकरी मला लागली. हा माझ्यामागे आला."

"मग हा जावई," फियोना म्हणाली. हा शब्द तिने लॅबमध्ये उल्काताईंकडूनच उचलला होता.

फिडल वाजू लागलं तशी जीनबाईंनी जावयालाच नाचायला ओढलं. श्रीकांत उलट्या बाजूला गिरक्या घेत होता, दोघांच्या पायांत पाय येत होते, आणि उल्काताई हसून हसून डोळे पुसत होत्या.