कालव्याच्या अलीकडे

सासूबाईंच्या भाचीच्या मुलीचा साखरपुडा होता, लोणी देवकरच्या पुढे, हायवेपासून थोडं आत. ऊसतोडीचे दिवस होते. माझ्या नवऱ्याची कंपनी तिथून जवळच, पण त्याला सुट्टी मिळाली नव्हती. म्हणून कन्हेरीहून आम्ही पाच जण थोरल्या दिरांच्या गाडीतून गेलो. सासूबाई, दीर, जाऊबाई, मी आणि माझी सहा वर्षांची मुलगी.

दिरांना सगळं घर दादा म्हणतं. दादांबद्दल आधीच सांगायला हवं, नाहीतर पुढचं वाचून कुणाला ते वाईट वाटतील. मला कळा सुरू झाल्या तेव्हा अंगावरच्या बनियनवर गाडी काढून मला बारामतीच्या दवाखान्यात याच माणसानं पोचवलं. मी शाळेतली नोकरी चालू ठेवावी की नाही यावर घरात खल चालला होता, तेव्हा "शिकलीया तर शिकवू द्या की," एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. तेव्हापासून ते मला मास्तरीणबाई म्हणतात. माझ्या मुलीचा त्यांच्यावर बापापेक्षा जास्त जीव.

पंगती उठल्या आणि मंडपात बायकाच उरल्या. मी जाऊबाईंना विचारलं, "दादा कुठं गेले?"

"मागं बसलेत," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे 'बसलेत' म्हटलं की पुढं काही विचारायचं नसतं. मुलीला लघवीला न्यायचं म्हणून मी घराच्या मागे गेले. डाळिंबाच्या बागेच्या कडेला सतरंजी टाकलेली, त्यावर आठ-दहा पुरुष, मधे फरसाणाचं ताट, पाण्याच्या बाटल्या आणि प्लास्टिकचे पांढरे ग्लास. लपवाछपवी अशी नव्हती. बायकांनी तिकडे बघायचं नाही, एवढंच. दादा मांडी घालून मधोमध बसले होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि ते कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून मोठ्यानं हसत होते. गाडीची किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशातून अर्धी बाहेर आली होती. मला ती किल्लीच दिसत राहिली.

मंडपात परत आले तर नवरीची आत्या माझ्या तोंडाकडे बघून हसली. "काय काळजी करू नगा. त्यो घेतल्यावर उलट सांभाळून चालवतोय. घेतली न्हाय तर त्याचं ध्यान नसतं."

आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

मी सासूबाईंजवळ जाऊन हळूच म्हणाले, "आई, दादांना घटकाभर पडू द्या की. ऊन उतरल्यावर निघू."

"आन् धारा कुणी काढायच्या? तू?" त्या म्हणाल्या. "काय नवीन हाय का त्याला? बस गप."

तीनच्या सुमाराला निघालो. सासूबाई पुढं, आम्ही दोघी जावा मागं आणि मुलगी आमच्या मधे. दादांनी तोंडात मूठभर बडीशेप टाकली होती. काचा वर केल्यावर गाडीत बडीशेपेचा वास भरला आणि त्याच्या खालून दुसरा वास.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. मोरगावला आमचं घर. सुट्टीत मी त्यांच्या मागच्या सीटवर बसून जेजुरी-सासवडच्या कितीतरी फेऱ्या केल्यात. रस्त्यावर शेळ्या दिसल्या, वळण दिसलं, की वडिलांचा ॲक्सिलरेटरवरचा पाय आधीच उचललेला असायचा. ब्रेक लागायच्या आधी गाडी शांत व्हायची. मला गाडी चालवता येत नव्हती, पण चालवणाऱ्याचा पाय वाचता येत होता. सकाळी येताना दादांचा पाय तसाच वेळेवर उठत होता. आता तो उशिरा उठायला लागला. फार नाही, एखाद्या क्षणानं. ट्रकचं मागचं लाल फळकूट काचेत मोठं मोठं होत यायचं आणि आता लागणार असं वाटलं की मग ब्रेक दाबला जायचा. सासूबाई पुढं झुकायच्या, पदर सावरायच्या आणि परत मागं टेकायच्या.

दादा खुशीत होते. बोलता बोलता मागं वळून मुलीकडे बघायचे. "काय गं, किती लाडू खाल्लंस?"

"दादा, पुढं बघा," मी म्हणाले.

"पुढंच बघतुया की, मास्तरीणबाई. डोळं मागं हायेत व्हय मला?"

तेवढ्यात उसाचा ट्रॅक्टर समोर आला. दोन ट्रॉल्या लावलेला, उलट्या बाजूनं, थेट आमच्या अंगावर. पेट्रोल पंपाकडे जायला ते असेच येतात. दादांनी गाडी इतकी जोरात बाजूला ओढली की मुलीचं डोकं माझ्या दंडावर आदळलं. ट्रॉलीतून लोंबणारी उसाची वाढी, शेंड्याची हिरवी पानं, काचेला खसखसत घासून गेली. मागच्या ट्रकनं लांबलचक हॉर्न दिला.

दादा हसले. "बघितलं का? दुसरा असता तर गेला असता आतमधी."

सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "हात बसलाय त्याचा."

मी जाऊबाईंकडे बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. लग्नाला बावीस वर्षं झालेली ही बाई. दादांच्या गाडीत त्या नेहमी डोळे मिटून असायच्या आणि आम्ही सगळे म्हणायचो, गाडीत बसलं की हिला झोप लागते. भिगवणला बारामतीकडे वळलो तेव्हा त्या माझ्या कानाशी आल्या. "डोळं मिटून घे. म्या तसंच करते. बघितलं न्हाय की कमी भ्या वाटतं."

म्हणजे त्या कधीच झोपलेल्या नव्हत्या. ते कळलं आणि माझी भीती दुप्पट झाली.

पुढचा रस्ता हायवेसारखा नव्हता. येणारी-जाणारी वाहनं एकाच पट्ट्यावर, कडेला सायकली, दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटारसायकली. मुलगी कंटाळून दोन सीटच्या मधे उभी राहिली. दादा म्हणाले, "ये, तुला गाडी शिकवतो." मी काही म्हणायच्या आत त्यांनी एका हातानं तिला उचलून मांडीवर घेतलं. चालत्या गाडीत. तिचे दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले.

"दादा, नको. तिला मागं द्या."

"अगं, म्या हाय की."

मुलगी आनंदानं ओरडत होती. तिच्या डोक्यामुळं दादांना नीट दिसत नसावं, ते मान वाकडी करून बघत होते. गाडी पांढऱ्या पट्टीवरून अलीकडे-पलीकडे होत होती. पुढं कालव्याचा पूल होता. तिथं रस्ता चढतो आणि वळतो. कठडा गुडघ्याएवढा. कालव्याला पाणी सुटलेलं होतं, सकाळी जाताना मीच मुलीला दाखवलं होतं, काठोकाठ वाहणारं.

"दादा, गाडी थांबवा."

"आता पोचलोच की."

"थांबवा!" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. तरी पाय उचलला गेला नाही. तेव्हा मी ओढणी तोंडावर दाबून म्हणाले, "मला उलटी होतीया."

सीटला नवीन कव्हरं घातलेली होती. गाडी लगेच थांबली.

मी उतरले, दादांच्या बाजूचं दार उघडलं आणि दादांच्या मांडीवरून मुलीला उचलून घेतलं. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली जाऊन उभी राहिले. मुलीला खाली ठेवलं. उलटी होत नाही हे थोड्या वेळानं सगळ्यांच्या ध्यानात आलं.

सासूबाईंनी काच खाली केली. "झालं का? बस आता."

"मी न्हाय बसत, आई. आमी एसटीनं येतो."

"काय?"

"एसटीनं येतो."

"लोकं बघाय लागलीत. तमाशा करू नगंस. बस म्हणते ना!"

दादा खाली उतरले. उतरताना त्यांनी बॉनेटवर हात टेकला आणि तो हात तिथंच ठेवून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "माझ्यावर इश्वास न्हाय व्हय?" ते म्हणाले. "इतक्या वर्सात माझ्या हातनं कुणाला खरचटलंय? सांग की."

कुणाला खरचटलं नव्हतं. शाळेत मी मुलांना सगळं समजावून सांगते, पण त्या वेळी एकही वाक्य जुळेना. "दादा, मला भीती वाटतीया," एवढंच मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मुलीकडे. मुलगी रडायला लागली होती, तिला दादांबरोबर जायचं होतं. मागच्या दाराची कडी वाजली. जाऊबाईंनी दार चारेक बोटं उघडलं होतं. सासूबाईंनी मान वळवली. दार परत लागलं.

गाडी निघाली. पुलाच्या चढावर ती डावीकडे गेली, मग सरळ झाली आणि दिसेनाशी झाली.

मला वाटलं होतं उतरल्यावर भीती संपेल. खरी भीती तिथून सुरू झाली. मी माझं लेकरू काढून घेतलं होतं आणि त्या तिघांना पुढं जाऊ दिलं होतं. मी किल्ली का मागितली नाही? सासूबाईंचा हात का धरला नाही? जाऊबाईंचं दार बाहेरून ओढून उघडलं असतं तर त्या उतरल्या असत्या. आता काही झालं तर जन्मभर सगळे म्हणणार, हिनं अपशकुन केला. आणि काही झालं तर मी स्वतःला काय म्हणणार?

एसटी यायला अर्धा तास लागला. मी खिडकीशी बसले आणि बारामती येईपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे चर बघत राहिले. पुलावर कठडा धड होता. पुढं एका फाट्यावर माणसं जमलेली दिसली, गर्दीच्या मधे गाडीचं पांढरं टप. दादांची गाडी पांढरीच. माझ्या तोंडातून आवाज निघाला असावा, कारण कंडक्टर जवळ आले. "काय झालं, ताई?" मी गर्दीकडे बोट केलं. त्यांनी वाकून बघितलं. "अहो, कलिंगडाचा टेम्पो हाय. विकाय उभा केलाय."

घरी पोचलो तर गाडी गोठ्यापुढे लावलेली होती आणि दादा ओसरीवर झोपले होते. धारा निघाल्या होत्या. कुणाला काहीही झालं नव्हतं.

काही झालं नाही, म्हणून मी चुकीची ठरले. नवरा घरी आल्यावर म्हणाला, "सगळ्यांसमोर दादाचा पाणउतारा केलास." मी त्याला मांडीवरच्या पोरीचं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, लहानपणी मलाबी तसंच बसवायचे." सासूबाईंनी माझ्या हातचा चहा दोन दिवस घेतला नाही. दादा बोलायचे थांबले. ते समोरून आले की मी बाजूला व्हायची आणि ते मान खाली घालून निघून जायचे. रात्री मुलगी विचारायची, "दादा आपल्यावर रुसलेत का?"

पंधरा दिवसांनी, मी शाळेतून येऊन भांडी लावत असताना, जाऊबाई स्वयंपाकघरात आल्या आणि दार लोटून घेतलं. "म्या उतरणार हुते," त्या म्हणाल्या. "दार उघडलंबी हुतं."

"बघितलं मी."

त्यांनी माझ्या हातातलं पातेलं घेऊन फळीवर ठेवलं. मग म्हणाल्या, "बायांना गाडी शिकवत्यात का गं बारामतीत? सातवी झालेलीला?"

आम्ही दोघींनी एकदमच गाडीच्या क्लासात नाव घातलं. घरात मात्र सांगितलं, मला शाळेसाठी स्कूटी शिकायचीय आणि जाऊबाई सोबतीला. माझं जमलं नाही. समोरून काही आलं की माझे हात आपोआप स्टेअरिंग सोडायचे. शिकवणारा दर वेळी ओरडायचा. जाऊबाई मात्र तिसऱ्या दिवशी वळण घ्यायला लागल्या. बावीस वर्षं डोळे मिटून बसलेली बाई डोळे इतके उघडे ठेवून चालवायची की शिकवणारा म्हणाला, "काकू, पापणी तरी मिटा."

त्यांचं लायसन्स हातात आल्यावर महिनाभरानं भावकीत बारसं होतं. जेवणं झाली, पुरुष मागे बसून आले. गाडीपाशी जाऊबाईंनी दादांपुढे हात पसरला. "किल्ली द्या."

सगळे हसले. दादाही हसले. जाऊबाई हसल्या नाहीत आणि त्यांचा हातही खाली आला नाही. चुलत सासरे म्हणाले, "दे की बाबा, बघू तरी काय दिवं लावतीया." दादांनी किल्ली त्यांच्या हातात टाकली आणि मागं येऊन माझ्या शेजारी बसले. घर येईस्तोवर ते बाहेर बघत राहिले. उतरताना पहिल्यांदा माझ्याशी बोलले, "त्या दिवशी पोरगी पडली असती तर?" आणि उत्तराची वाट न बघता गोठ्याकडे गेले.

सगळं सुधारलं असं लिहायला मला आवडलं असतं. आता दादा कार्यक्रमाला गेले की मित्र म्हणतात, "वैनी हायेत न्यायला, भर अजून." ते पूर्वीपेक्षा जास्त घेतात. जाऊबाई म्हणतात, "घेऊ द्या. चालवत तर न्हाईत."

पण माझी भीती आता दुसऱ्या रस्त्यावर आहे. कंपनीची बस असली तरी नवऱ्याला मोटारसायकल बरी वाटते. शनिवारी पहिली पाळी सुटली की ती चार-पाच माणसं कुठं तरी बसतात. मग त्याचा फोन येतो, "निघालोय." त्या एका शब्दातून मी ओळखायचा प्रयत्न करते, शब्द जड आहे का, शेवट लांबलाय का.

मी त्याला म्हणाले होते, तशी वेळ आली तर फोन करा, जाऊबाई आणि मी येऊ. तो हसला होता. पण एका शनिवारी पाचच्या सुमाराला खरंच फोन आला. "वैनीला विचार, भिगवणपर्यंत येतील का." आम्ही गेलो. तो रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर बसला होता, हेल्मेट मांडीवर, मोटारसायकल कडेला लावलेली. येताना कालव्याच्या पुलावर जाऊबाईंनी गाडी इतकी सावकाश घेतली की मागून हॉर्न वाजले.

त्यानंतर तसा फोन आलेला नाही. बाकीच्या शनिवारी तो घेत नाही, की घेऊन फोन करत नाही, मला माहीत नाही. विचारायची हिंमत होत नाही.