गोचिडी आणि माझी कडुलिंबाची माळ

माझी नात अनघा अंगणात आमच्या वाघ्या कुत्र्याचा कान उलटून बघते आहे. गेल्या महिन्यात वाघ्याने भाकरीकडे पाठ फिरवली, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या. डॉक्टर म्हणाले, गोचीड ताप. औषधाने थोडक्यात वाचला. तेव्हापासून तो फिरून आला की कान, काखा, बोटांच्या बेचक्या, सगळं तपासायचं.

"आजी, तुझ्या वेळी गोचिडींवर तू काय करायचीस गं?"

"कडुलिंबाची माळ घालायचे."

तेव्हा नवी सून होते मी, हुशारी नुसती उतू जात होती. तेव्हाच्या कुत्र्याला नवरदेवासारखं सजवायचे आणि गोचिडी माळेच्या सावलीला सुखाने बसायच्या. एखादी दिसलीच तर पेटत्या काडीचा चटका. गोचीड जागची हलायची नाही, कुत्रा मात्र परसात पळायचा. सासूबाई विचारायच्या, "अगं, त्याला नक्की छळतंय कोण?"

अनघाने चिमट्याने गोचीड कातडीलगत धरली, सरळ ओढली. "निघाली, तोंडासकट!"

वाघ्या हूं की चूं नाही. उठला, माझा हात हुंगला आणि दुसरा कान माझ्या मांडीवर टाकून पडला. माझी जुनी कीर्ती त्याला ठाऊक नसावी. मी चष्मा पुसला आणि चिमटा मागून घेतला.