आईचा भोंगा

आमच्या घरात किस्से जमवावे लागत न्हाईत. थंडी पडली की ते उडत येतात आणि सरळ गव्हात उतरतात. मी जालन्यात बियाण्याच्या कंपनीत कामाला, शेत घनसावंगीकडं तलावाला लागून. रविवारी गेलो की बदकांनी काहीतरी केलेलंच असतं.

बदकं म्हणजे आपली आमच्या भाषेत. पक्षी बघायला आलेले एक साहेब म्हणाले, "हे राजहंस आहेत. हिमालय ओलांडून येतात."

आई म्हणाली, "आमच्या गव्हासाठी एवढ्या लांबून? मंग तिकडंच काही पेरा म्हणावं."

*

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आधी वाघ्याला सोडलं. वाघ्या भुंकत गेला आणि भुंकतच परत आला. मागं सात-आठ बदकं, माना लांब करून. तेव्हापासून वाघ्या तलावाकडं बघत बी न्हाई.

मंग अण्णांचा सदरा घालून बुजगावणं उभं केलं. बदकं त्याच्याच पायाशी ऊन खात बसली.

"माझ्या सदऱ्याला बी कोणी भीत न्हाई," अण्णा म्हणाले.

"तुम्हाला कोण भितंय, ते सदऱ्याला भितील?" आई म्हणाली.

*

शेवटी बॅटरीचा भोंगा आणला. आपला आवाज भरायचा आणि शेतात लावून द्यायचा. अण्णांनी भरला, "चला, चला, जा बरं आता." बदकांनी एकदा मान वर केली आणि परत खायला लागली.

आईनं भोंगा हिसकावला. "ए, उठा तिथून! किती खाता? दुसऱ्याला ठेवा की काही!"

अख्खा थवा उठला. ओट्यावर अण्णा जेवत होते. ते बी ताट घेऊन उभे राहिले. आम्ही हसून हसून बेजार.

*

मंग आई माझ्या बहिणीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली. गहू निघायच्या आत येते म्हणाली, पण बाळाची तब्येत नरम-गरम, मुक्काम वाढतच गेला. अण्णांना करमेना. घरातून शेतात, शेतातून घरात. आईला फोनवर एवढंच, "बदकं खाऊन राह्यलीत. बाकी बराबर हाय."

"अण्णा, ये म्हणा ना तिला सरळ," मी म्हणालो.

"लेकीचं काम हाय. असं कसं म्हणायचं?" आणि बंद पडलेली मोटर बघायला निघून गेले. त्यांना एकटं सोडून जालन्याला यायचं माझ्या जिवावर यायचं.

*

शेजारचे साळवे गुरुजी एकदा दुपारी आल्ते. अण्णांनी आग्रहानं पिठलं-भाकरी वाढली. गुरुजींनी घास उचलला तेवढ्यात शेतातून आवाज, "किती खाता?"

गुरुजींनी घास खाली ठेवला. गावात जाऊन सांगितलं, "वहिनी आल्यात. पण मूड बरा न्हाई."

*

गहू निघाला. बदकं गेली. तलाव रिकामा.

त्या रविवारी आईला मी जालना स्टेशनवरून घेतलं. अण्णांना सांगितलं नव्हतं. शेतात पोचलो तर नुसतं धसकट, आणि भोंगा चालूच. लिंबाखाली आमच्याकडं पाठ करून अण्णा जेवत बसलेले.

"ए, उठा तिथून! किती खाता?"

"उठतो की," अण्णा भोंग्याला म्हणाले. "दोनच घास राह्यलेत."

आई पिशवी खाली ठेवून त्यांच्या मागं गेली. मंग हळूच म्हणाली, "बसा. होऊ द्या जेवण."

अण्णा ताट घेऊन उभे राहिले.