माइकची पिन
पेंढ्यात पिकत घातलेल्या चिकूंचा वास घरभर पसरला की मला घोलवडच्या घरातला आमचा जुना कॉम्प्युटर आठवतो. २०१६ साल असावं. वाडीच्या वाटणीवरून थोरल्या भावाशी माझा अबोला होता, आणि बडोद्याला त्याच्या घरी वहिनी वारल्या तेव्हाही राग धरून मी गेलो नव्हतो. ते मनाला खात राहिलं. शेवटी एका दुपारी धीर करून मी त्याला व्हिडिओ कॉल लावला आणि पडद्यावर तो दिसताच हात जोडून, रडत, सगळी माफी मागून टाकली. दादा कान पुढे करून म्हणाला, "अरे, आवाजच येत नाहीये तुझा." त्याचा मात्र स्पीकरमधून खणखणीत येत होता. मग तो सांगत गेला आणि मी मुक्यासारखा मान डोलवत कॉम्प्युटरच्या मागे वाकलो. "माइकची पिन निळ्या भोकात आहे का? असणारच! गुलाबीत घाल, गाढवा. लहानपणी कच्चे आणि तयार चिकू एकाच करंडीत भरायचास, अजून तसाच आहेस." मी पिन बदलली. "दादा, आता येतंय ऐकू?" "येतंय." मी पुन्हा पहिल्यापासून बोलायला लागलो, तर तो म्हणाला, "राहू दे. हात जोडलेले दिसले मला. यंदा चिकू कसा आहे?" तेव्हापासून दर हंगामाची पहिली करंडी बडोद्याला जाते. ती मी स्वतः निवडून भरतो, आणि भरताना त्या 'गाढवा'बद्दल मनोमन त्याचे आभार मानतो.